मी आजारी नाही

संपादक मंडळाने मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी आधी हसलो. माझं शिक्षण कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये. मराठी हा विषय होता, पण पेपरच्या आदल्या रात्री गाईड वाचण्यापुरता. घरी मराठी बोलतो, आईची बोलणी मराठीतच खातो. लिहायची वेळ आली की मात्र घाम फुटतो. अजून कोणी 'एकोणसाठ' म्हणालं की मनातल्या मनात साठातून एक वजा करावा लागतो. तरी हा लेख मराठीत लिहितोय, कारण ज्या अर्जाबद्दल लिहायचं आहे तो मराठीत होता. शिवाय इंग्रजी विभागात यंदाही सगळ्यांनी 'लीडरशिप'वर लिहिलंय, तिथे जागा नव्हती. शुद्धलेखन संपादकांनी तपासलं आहे, चुका सापडल्या तर त्यांना धरा.

विषय आहे आपल्या कॉलेजची मुलांची बास्केटबॉल टीम आणि तिचा यंदाचा सीझन. टीम आहे हेच अनेकांना माहीत नाही, त्यामुळे थोडं सुरुवातीपासून सांगतो. नावं टाकत नाही. हॉस्टेलवर सगळ्यांना ती माहीत आहेत, आणि स्टाफरूममध्ये माहीत नसलेलीच बरी.

ऑगस्टमध्ये ट्रायल्स झाल्या. पहिल्या दिवशी साठ-एक पोरं आली. करीच्या रील्स बघून आलेली. प्रत्येकाला थ्री-पॉइंटर मारायचा होता, आणि तोही बोर्डाकडे पाठ करून चालायला लागण्यासाठी. स्टीफन करीने डिसेंबर २०२१ मध्ये रे ॲलनचा २,९७३ थ्री-पॉइंटर्सचा विक्रम मोडला, तो पहाटे उठून शूटिंग करून, हे रीलमध्ये दिसत नाही. आमच्या कॅप्टनने पहिले आठ दिवस कोणाच्या हातात बॉलच दिला नाही. पावणेसहाला कोर्टवर यायचं, खराटे घ्यायचे आणि शेवाळ काढायचं. पुण्याच्या पावसात सिमेंटच्या कोर्टवर हिरवी मखमल चढते, त्यावर ब्लीचिंग पावडर टाकून घासावं लागतं. आठवड्यानंतर चौदा जण उरले, टीम बाराची होते. म्हणजे ट्रायल्स खराट्यानेच घेतल्या असं म्हणायला हरकत नाही.

कोर्ट वर्कशॉपच्या मागे आहे. अठ्ठावीस मीटर बाय पंधरा मीटर हे माप तरी बरोबर आहे. वर्कशॉपकडची रिंग वाकलेली, कारण कधीतरी कोणीतरी डंक मारायच्या नादात तिला लटकलं होतं. म्हणून आम्ही सगळी प्रॅक्टिस हॉस्टेलकडच्या रिंगवर करतो. सप्टेंबरात सिव्हिलच्या पोरांनी सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलची ऑटो लेव्हल आणून तिची उंची मोजली. नियमाने ३.०५ मीटर हवी, भरली २.९८. सात सेंटिमीटर कमी. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. पुढे हे सात सेंटिमीटर माझ्या नशिबी कसे आले ते येईलच.

ही ३.०५ मीटरची गोष्टही मजेशीर आहे. आपल्याला वाटतं एवढं काटेकोर माप म्हणजे मागे काहीतरी संशोधन असणार. तसं काही नाही. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए ट्रेनिंग स्कूलमध्ये जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाला अठरा दांडगट पोरांचा वर्ग सांभाळायचा होता. बाहेर थंडी, आत पोरं कंटाळलेली. त्याने तेरा नियम लिहिले आणि पीच फळाच्या दोन टोपल्या जिमच्या बाल्कनीच्या कठड्याला ठोकल्या. बाल्कनी दहा फुटांवर होती म्हणून रिंग दहा फुटांवर. बाल्कनी बारा फुटांवर असती तर आज आपण सगळे हँडबॉल खेळलो असतो. पहिली मॅच एक-शून्य अशी संपली. आणि हाच नेस्मिथ पुढे कॅन्सास युनिव्हर्सिटीचा कोच झाला तेव्हा ५५ मॅच जिंकला आणि ६० हरला. खेळ शोधणाऱ्या माणसाचा हिशोब हा असा! आमचा कॅप्टन प्रत्येक पराभवानंतर हे आकडे ऐकवतो. यंदा ते आम्हाला पाठ झाले.

भारतातही हा खेळ वायएमसीए आणि मिशनरी शाळांच्या हाताने आला, त्यामुळे पुण्यात बास्केटबॉल म्हटलं की आधी कॅम्प आठवतो. माझ्या शाळेचं मैदान एवढंसं, पण रिंग दोन. मी सहावीपासून खेळतो. मला वाटायचं हा आपल्यासारख्यांचा खेळ, म्हणजे शूजवाल्यांचा. लाज वाटते पण वाटायचं. खरं तर महाराष्ट्रातला या खेळाचा मोठा वारसा आहे मुंबईच्या नागपाड्याचा, दाटीवाटीच्या गल्ल्यांमधल्या कोर्टांचा. भारताचे कॅप्टन अब्बास मुंतसिर तिथलेच, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. आपल्या पुण्याची शिरीन लिमये २०१७ मध्ये बेंगळुरूला महिला आशिया कपचा बी विभाग जिंकणाऱ्या भारतीय संघात होती, पुढे भारताची कॅप्टनही झाली. शाळेत आम्हाला यातलं कोणी सांगितलं नाही. लेब्रॉनचा शूज साइज मात्र पाठ होता.

तर माझी समजूत मोडली सांगोलेकराने. सेकंड इयर, सिव्हिल. दहावीपर्यंत तालुक्याच्या खो-खो टीममध्ये, अनवाणी. बास्केटबॉलचा बॉल त्याने पहिल्यांदा हातात घेतला तो इथे फर्स्ट इयरला. ड्रिबल करता येत नव्हतं, बॉल घेऊन सरळ पळायचा. दर मिनिटाला ट्रॅव्हल. पण डिफेन्स! त्याचे पाय मी इतर कुणाचे पाहिले नाहीत. समोरचा गडी हुलकावणी कुठे देणार हे त्याला आधीच कळायचं, कारण आयुष्यभर तो स्वतः हुलकावण्या देत आलेला. कंबर खाली, नजर समोरच्याच्या पोटावर. "हात खोटं बोलत्यात, पोट खोटं बोलत न्हाई," असं तो म्हणतो. वाचकांपैकी कोणाला खो-खो म्हणजे शाळेतल्या पीटीच्या तासाचा खेळ वाटत असेल तर जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेला पहिला खो-खो वर्ल्ड कप आठवा. दोन्ही कप भारताने घेतले. मुलांचा कॅप्टन प्रतीक वाईकर, मुलींची प्रियंका इंगळे, दोघेही आपल्या महाराष्ट्राचे.

बास्केटबॉलमध्ये दोन डिफेंडर आपापले गडी बदलतात तेव्हा 'स्विच' असं ओरडायचं असतं. सांगोलेकराच्या तोंडून ऐन वेळी निघायचं 'खो!' आधी आम्ही हसलो. मग लक्षात आलं की अर्थ तोच आहे: आता तुझ्यामागचं काम माझं. ऑक्टोबरपर्यंत सगळी टीम 'खो' देत होती. समोरच्या टीम्सना काही कळायचं नाही. एका रेफरीने आम्हाला दम दिला की खेळताना दुसऱ्याला चिडवू नका.

सीझनचा निकाल थोडक्यात. सीओईपीच्या झेस्टमध्ये पहिल्याच फेरीत सपाटून हरलो. आणखी दोन इंजिनीअरिंग फेस्टमध्ये गेलो, एकीकडे एक मॅच जिंकलो, दुसरीकडे जेवण चांगलं होतं. मग आली खरी स्पर्धा, पुणे शहर विभागाची आंतरमहाविद्यालयीन. आपल्या विद्यापीठात पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर आणि नाशिक असे विभाग असतात. कॉलेजं आधी आपापल्या विभागात खेळतात, तिथून निवडलेल्या विभागाच्या टीम्स आंतरविभागीय खेळतात, त्यातून विद्यापीठाची टीम होते आणि ती पश्चिम विभागात इतर विद्यापीठांशी खेळायला जाते. म्हणजे वर्कशॉपच्या मागच्या त्या हिरव्या कोर्टवरून विद्यापीठाच्या जर्सीपर्यंत एक सरळ रस्ता आहे. निवड करणारे लोक विभागाच्या मॅचेस बघायला बसलेले असतात. आमच्या टीममधून त्या रस्त्याने जाऊ शकेल असा एकच होता, तो कॅप्टन. फायनल इयर. त्याचं हे शेवटचं वर्ष.

पहिल्या दोन मॅच आम्ही जिंकलो. अनेक वर्षांत पहिल्यांदा क्वार्टर फायनल. मेसमध्ये त्या रात्री आम्हाला मामांनी जास्तीचा गुलाबजाम दिला, आणि नोटीस बोर्डावर क्वार्टर फायनलची तारीख लागली. त्याच बोर्डावर शेजारी दुसरा कागद होता, कॉलेजच्या चाचणी परीक्षेचं वेळापत्रक. तारीख तीच. चाचणी दहा ते साडेअकरा, मॅच साडेदहाला.

आता इथे स्टाफच्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी, जी बहुधा त्यांना माहीत आहेच. आपल्या नियमात फेरचाचणी मिळते ती वैद्यकीय कारणासाठी. फक्त वैद्यकीय. मॅच हे कारण त्यात नाही. म्हणून वर्षानुवर्षं आपल्या कॉलेजची प्रत्येक टीम आजारी पडत आली आहे. चौकात सर्टिफिकेट मिळतं, ते जोडायचं, व्हायरल फिव्हर लिहायचं. यंदा आम्हाला सीझनमध्ये दोन वेळा व्हायरल झाला. एकदा तर बाराच्या बारा जणांना एकाच दिवशी, आणि सगळे दुसऱ्या दिवशी ठणठणीत! साथीच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्यांनी खरं तर आमच्या टीमवर पेपर लिहायला हवा.

मी स्वतः दोन्ही वेळा असं सर्टिफिकेट दिलं आहे, हे इथे छापून येतंय याची मला कल्पना आहे.

या वेळी कॅप्टन म्हणाला, "मी नाही देणार. शेवटची मॅच असेल तर ती तरी खरी खेळू दे." रात्री त्याने रूमवर बसून अर्ज लिहिला. वहीच्या कागदावर, निळ्या पेनने. मजकूर एवढाच: 'अमुक तारखेला कॉलेजच्या संघाकडून सामना खेळणार असल्याने मी चाचणी परीक्षेस उपस्थित राहू शकत नाही. मी आजारी नाही. फेरचाचणीची संधी मिळावी ही विनंती. आपला विश्वासू.'

तो कागद मी तीन-चार वेळा वाचला. 'मी आजारी नाही' हे वाक्य अर्जात असायची काही गरज नव्हती. मी त्याला म्हणालोही, "अरे, हे काढ. उगाच डिवचल्यासारखं वाटतं." तो म्हणाला, "मग काय लिहू? आहे ते आहे."

खाली सह्या करायच्या होत्या. सांगोलेकराने केली. जळगावकराने केली, लंबूने केली. फर्स्ट इयरच्या एका पोराने केली, त्याला आम्ही थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही. पाच झाले. मॅच सुरू व्हायला कोर्टवर पाच जण लागतात. चार असतील तर वॉकओव्हर, वीस-शून्य. पाच झाले म्हटल्यावर बाकीच्या सातांनी श्वास सोडला. मीही सोडला. माझी एम-थ्रीची केटी लटकलेली आहे, हीट ट्रान्सफरच्या टर्म वर्कचे मार्क मला गमवायचे नव्हते. ही कारणं खरी आहेत. पण श्वास सोडताना मला जे वाटलं ते कारणांपेक्षा जुनं होतं, ते चांगलं वाटणं नव्हतं.

अर्ज नामंजूर झाला. रागाने नाही, सरळ नियम दाखवून. मी कॅप्टनबरोबर गेलो होतो. सर चिडले नाहीत, उलट त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. त्यांचं म्हणणं मी इथे प्रामाणिकपणे मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. एक, फेरचाचणी म्हणजे पुन्हा पेपर काढणं, पुन्हा सुपरव्हिजन, पुन्हा तपासणं. त्यांचा एक रविवार जातो. दोन, आज बास्केटबॉल, उद्या क्रिकेट, परवा ढोल-ताशा पथकाचा सराव, मग चाचणी कोणी द्यायची? तीन, तुम्ही इथे इंजिनीअर व्हायला आलात.

तिसऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही, आलोच आहोत. दुसऱ्याला आहे. पथक कॉलेजचं नाही, टीम कॉलेजची आहे. तिच्या यादीवर जिमखान्याचा शिक्का असतो, त्यात बारा नावं असतात, तेरावं घुसवता येत नाही. पहिल्या मुद्द्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. पण सर, ज्या बारा जणांनी सर्टिफिकेटं दिली त्यांच्यासाठीही तुमचा रविवार गेलाच होता. कॅप्टनने तेच विचारलं, आवाज न चढवता: "सर, ती सर्टिफिकेटं खोटी असतात हे तुम्हाला माहीत असतं ना?"

सर थोडा वेळ पेनशी खेळत बसले. म्हणाले, "माहीत असतं रे. पण कागद असतो."

मला त्यांचा राग आला नाही, आजही नाही. नियम पाळायचा तर हातात कागद लागतो, हे मला कळतं. माझं म्हणणं एवढंच आहे की जिमखान्याचा शिक्का असलेली यादी हाही कागदच आहे. आणि तो खरा आहे.

मॅचच्या दिवशी मी दहाला हॉलमध्ये बसलो. साडेअकराला पेपर दिला. बाहेर येऊन फोन चालू केला तर कॅप्टनचा सकाळी नऊचा मेसेज: 'तुझं नाव शीटवर टाकतोय. आलास तर आलास.' नियम असा आहे की मॅचच्या आधी स्कोअरशीटवर ज्याचं नाव आहे तो उशिरा आला तरी खेळू शकतो. नाव नसेल तर तो दारातच उभा. मला न विचारता त्याने माझं नाव टाकलं होतं. माझंच का, हे नंतर विचारलं. मला वाटलं होतं काहीतरी भावनिक उत्तर येईल. म्हणाला, "सातांमध्ये गाडी तुझ्याकडेच आहे."

जर्सी डिकीत होती. स्वारगेटचा सिग्नल कसा ओलांडला ते लिहीत नाही, हा अंक घरी आईपण वाचते.

मॅच नेहमीप्रमाणे उशिरा सुरू झाली होती. मी पोचलो तेव्हा चौथा क्वार्टर चालू होता, सहा-एक मिनिटं बाकी. तिथवर काय झालं ते ऐकीव. पाच जण, बदली कोणी नाही, दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर. कॅप्टनने ठरवलं की धावायचंच नाही. प्रत्येक वेळी चोवीस सेकंद पूर्ण वापरायचे आणि मगच शॉट घ्यायचा. याहून जास्त वेळ बॉल धरता येत नाही, आणि हे चोवीसही एका गणितातून आलेत. १९५० साली एनबीएत एक मॅच १९-१८ अशी संपली होती, लोक बॉल धरूनच बसायचे. मग १९५४ मध्ये सिरॅक्यूज टीमचे मालक डॅनी बायासोन यांनी साधा भागाकार केला: ४८ मिनिटं म्हणजे २,८८० सेकंद, रंगलेल्या मॅचमध्ये दोन्ही टीम्सचे मिळून साधारण १२० शॉट, म्हणून एका शॉटला चोवीस सेकंद. आमच्या मॅचला इलेक्ट्रॉनिक घड्याळ नव्हतं, टेबलावरचा एक मुलगा स्टॉपवॉच धरून शेवटचे सेकंद ओरडत होता. तीन क्वार्टर ही युक्ती चालली. समोरची टीम बाराची, ताजी, दर दोन मिनिटांनी नवे गडी. आणि तरी फरक फक्त सातचा.

फाउल मात्र वाढत गेले. दमलेला माणूस पायांऐवजी हात वापरतो. सांगोलेकराचा पाचवा फाउल चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच पडला आणि तो बाहेर गेला. म्हणजे मी आत शिरलो तेव्हा कोर्टवर आपले चौघे खेळत होते. नियमाने दोन गडी उरेपर्यंत मॅच चालू राहते. सांगोलेकर बेंचवर एकटा बसून चौघांना 'खो' देत ओरडत होता. पूर्ण बेंच म्हणजे तो, चार पाण्याच्या बाटल्या आणि पाच सॅक. बघायला आलेले हॉस्टेलवाले किती? दोन. गॅदरिंगच्या डीजेला पाय ठेवायला जागा नसते.

टेबलवर नाव सांगितलं. त्या माणसाने शीटवर बोट फिरवलं, नंबर बघितला, मान हलवली. पुढच्या शिट्टीला मी आत.

साडेपाच मिनिटं खेळलो. एक बास्केट मारलं, दोनदा बॉल घालवला. तीन मिनिटं उरली असताना फरक चारवर आला होता आणि मला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत आले. दोन्ही सारखेच, थोडेसे आखूड. आखूड का, ते तुम्हाला माहीत आहे, सात सेंटिमीटर. कॅप्टन म्हणतो ही सबब आहे, तो त्याच रिंगवर प्रॅक्टिस करून चारात चार घालतो. बरोबर आहे. तरी रिंग सरळ करून घ्या हो कोणीतरी, हवं तर वेल्डिंग आम्ही मेकॅनिकलवाले करतो.

हरलो, ५९-६५. एकोणसाठ-पासष्ट. शेवटी लंबूला पोटरीत गोळे आले होते, तो एका पायावर रिंगखाली उभा होता.

विभागाच्या टीममध्ये कॅप्टनचं नाव आलं नाही. निवडीवर मला काही बोलायचं नाही, आमची टीम क्वार्टर फायनलमध्येच संपली आणि पुढे सरस पोरं खेळली. सगळे बारा जण असते तर जिंकलो असतो, असंही मी म्हणणार नाही. समोरची टीम चांगली होती. पण कॅप्टन चाळीसच्या चाळीस मिनिटं खेळला आणि त्यातली निदान पस्तीस मिनिटं त्याने श्वास पुरवून वापरली. तो पूर्ण वेगाने कसा खेळतो हे निवड करणाऱ्यांनी बघितलंच नाही.

पाचही जणांना चाचणीत शून्य. त्या दिवशी दुपारी घरोघरी एसएमएस गेले: आपला पाल्य परीक्षेस गैरहजर होता. सांगोलेकराच्या वडिलांचा फोन संध्याकाळी मेसमध्ये आला, स्पीकर बिघडल्यामुळे त्याचा फोन नेहमी लाउडवरच असतो, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"कुठं हुतास रं?"

"मॅच हुती, आण्णा."

बराच वेळ काही नाही. मागे गाडीचा आवाज.

"जिकला का?"

"न्हाई."

"मग आता पास तरी हो."

एवढंच. ताटातली भाजी गार होईपर्यंत तो तसाच बसला होता. तो ट्रस्टच्या स्कॉलरशिपवर शिकतो, तिथे दर सेमिस्टरला मार्कलिस्ट पाठवावी लागते. वीस मार्कांचं शून्य भरून काढायला आता त्याला पेपरमध्ये घाम गाळावा लागणार. माझे हीट ट्रान्सफरमध्ये वीसपैकी अकरा आले. अकरासाठी मी गेलो होतो.

नोटीस बोर्डावर दोन आठवडे टीमचा फोटो होता: 'क्वार्टर फायनलपर्यंत धडक, संघाचे अभिनंदन.' फोटोत आम्ही बाराही जण आहोत, दात काढून. अभिनंदन करणारं कॉलेज आणि गैरहजेरी लावणारं कॉलेज एकच आहे, हे त्या बोर्डाजवळ उभं राहिलं की कळतं, कारण शून्यांची यादीही तिथेच लागली होती.

मुलींच्या टीमबद्दलही लिहायला हवं होतं. आपल्याकडे ती नाहीच, कारण पावणेसहाला मुलींच्या हॉस्टेलचं गेट उघडत नाही. पण तो लेख मी लिहिण्यापेक्षा त्यांच्यापैकी कोणी लिहिलेला बरा. पुढच्या अंकात जागा ठेवायला संपादकांना सांगितलं आहे.

आता मागणी. ती अर्ध्या ओळीची आहे. फेरचाचणीच्या नियमात जिथे 'वैद्यकीय कारणास्तव' असं लिहिलं आहे, त्याच्यापुढे 'अथवा महाविद्यालयाच्या संघातून खेळत असल्यास' एवढे शब्द घालायचे. पुरावा म्हणून जिमखान्याची शिक्क्याची यादी. सुपरव्हिजनला सरांचा रविवार नको असेल तर चाचणी पावणेसहाला घ्या, आम्ही उठलेलेच असतो. आणि हे मागच्या तारखेपासून लावा असं मी म्हणत नाही. त्या पाच जणांनी मला तसं लिहू दिलं नाही. कॅप्टनला तर हा लेखच नको होता. मे महिन्यात तो इथून जाईल, त्याला याचा काही उपयोग नाही.

अर्ज तयार आहे, मराठीत. कॅप्टनच्याच अर्जाची ओळ तशीच ठेवली आहे, फक्त 'मी'च्या जागी 'आम्ही' केलं आहे. जिमखाना समितीची बैठक महिन्याअखेर आहे असं कळलं. सह्यांचा कागद मुलांच्या मेसच्या दारापाशी पुठ्ठ्यावर लावला आहे, दुसरा लायब्ररीच्या काउंटरवर. स्टाफपैकी दोन सह्या आल्यात, त्यातली एक अशा सरांची आहे की मी तीन वेळा वाचून खात्री केली. मेसच्या कागदाला दोऱ्याने पेन बांधलं होतं, ते दोनदा चोरीला गेलं. तेव्हा येताना स्वतःचं पेन आणा.